नावं झाकणारी ऑड्रा

ऑड्रा ग्रिगास पहिल्यांदा माझ्या नजरेत भरली ती केकच्या स्पर्धेत. आमच्या चर्चच्या तळघरात दर वर्षी पानगळीच्या सुमाराला ही स्पर्धा होते, आणि शाळेतल्या बाईंना न्याय कळतो अशी लोकांची समजूत असल्यामुळे परीक्षक म्हणून मलाच बसवतात. त्या वर्षी मी जिना उतरून खाली आले तर टेबलांवर एकही ओळखीची थाळी दिसेना. मिसेस पिंकनींची निळ्या काठाची थाळी नाही, चर्चचा कारभार बघणाऱ्या डीकनच्या बायकोचं काचेचं झाकण नाही. सगळे केक एकसारख्या पांढऱ्या कागदी ताटल्यांत. शेजारी एक उंच, किडकिडीत, गोरी बाई उभी होती. करड्या केसांचा घट्ट अंबाडा, हात पाठीमागे बांधलेले, परीक्षेच्या वर्गात पर्यवेक्षक उभे राहतात तशी.

"थाळ्या कुठे गेल्या?" मी विचारलं.

"या वर्षी मांडणी माझ्याकडे आहे. मी काढून ठेवल्या. थाळीवरून बाई कळते."

मी पहिला घास घेतला. पातळ पातळ थरांचा केक, मधे चॉकलेट. "अरे वा, हा तर मिसेस पिंक..."

तिने टेबलावर बोटाच्या पेराने टक् केलं. "मिस बर्निस, केक कोणाचा ते तुम्हाला विचारलेलं नाही. कसा आहे ते सांगा."

"अहो, पण चव ओळखीची लागली तर?"

"तर पाणी प्या आणि पुन्हा खा."

त्या वर्षी पहिलं बक्षीस गल्लीत नव्याने राहायला आलेल्या एका बस ड्रायव्हरला मिळालं. दर वर्षी जिंकणाऱ्या मिसेस पिंकनी तिसऱ्या आल्या. "ती लिथुआनियन बाई माझ्या वाईटावर आहे," त्या कोट चढवता चढवता सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. ऑड्रा शांतपणे म्हणाली, "तुमचा केक कुठला होता ते मला आत्ता कळलं."

पुढे ती माझ्यापासून दोन घरं सोडून राहायला आली. आमच्याकडची घरं एकाला एक चिकटून असतात, मागच्या अंगणांना बुटकी कुंपणं असतात, त्यामुळे ओळख टाळायची म्हटलं तरी टळत नाही. तिने मात्र आटोकाट प्रयत्न केला. पहिल्या आठवड्यात मी मक्याचा ब्रेड घेऊन गेले तर दार साखळीएवढंच उघडून तिने विचारलं, "हे कशाबद्दल?"

"कशाबद्दल म्हणजे? तुम्ही नवीन आलात म्हणून."

"आणि उद्या काय मागणार?"

"भांडं परत मागणार," मी म्हणाले. तेव्हा तिने साखळी काढली.

तिचा संशय घरातूनच आलेला होता. वडील शिंपी. दुसऱ्या महायुद्धानंतर लिथुआनियातून इथे बॉल्टिमोरला आले आणि जन्मभर दुसऱ्यांचे कोट शिवत राहिले. तिकडे असताना शेजाऱ्यानेच तिच्या काकाचं नाव कुणाला तरी सांगितलं होतं, आणि काका पुन्हा दिसला नाही. त्यांच्या घरात खिडकी उघडी असताना कुणाचं नाव घ्यायचं नाही असा नियम होता. नियम घालून देणारे आई-वडील गेले, नियम तिच्या अंगात राहिला. मासळीवाल्याच्या तराजूवर संशय, हवामान सांगणाऱ्या टीव्हीवरच्या पोरावर संशय, समोरच्या घरातल्या मांजरावर तर खास संशय. "ते रोज माझ्याच पायरीवर का बसतं?" ती विचारायची. मी म्हणायची, "तुझ्या पायरीवर ऊन येतं म्हणून." त्यावर ती म्हणायची, "ऊन तुझ्याही पायरीवर येतं."

पण ती खोटं बोलल्याचं किंवा कुणाबद्दल मागे काही कुजबुजल्याचं मी एकदाही ऐकलं नाही. संशय आला की ती तोंडावर विचारायची आणि उत्तर पटलं की विषय बंद. असं माणूस एकदा सवयीचं झालं की फार बरं वाटतं. दोनेक वर्षांत आम्ही 'अहो-जाहो'वरून 'अगं-तुगं'वर आलो. रविवारी चर्चनंतरची कॉफी माझ्या स्वयंपाकघरात ठरलेली. तिचा कप वेगळा होता, आणि तो ती स्वतःच धुवायची.

ती नोकरीला होती आकाशातल्या दुर्बिणीच्या संस्थेत. दुर्बीण वर पृथ्वीभोवती घिरट्या घालते, पण तिने आज कुठे बघायचं, उद्या कुठे, हे आमच्याच शहरात ठरतं. ऑड्रा ते वेळापत्रक बसवणाऱ्यांपैकी एक. निवृत्त झाल्यावरही संस्था तिला वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या तोंडावर, बोलावून घ्यायची. कशासाठी, ते कळायला मला बरेच रविवार लागले.

त्याचं असं आहे. त्या दुर्बिणीतून बघायची इच्छा जगभरातल्या खगोलशास्त्रज्ञांना असते, आणि दुर्बीण एकच. म्हणून दर वर्षी अर्ज मागवतात. काय बघायचंय, का बघायचंय, इथे जमिनीवरच्या दुर्बिणीतून ते का दिसणार नाही, आणि दुर्बिणीच्या किती फेऱ्या लागतील, हे मोजक्या पानांत लिहायचं. एकाला वेळ मिळतो तेव्हा बाकीचे कितीतरी हात हलवत परत जातात. अर्ज वाचायला शास्त्रज्ञांचीच मंडळं बसतात. पूर्वी अर्जावर नाव असायचं. मग लक्षात आलं की मोठ्या नावाला माणसं नकळत झुकतं माप देतात, आणि बायकांना, नवख्यांना नकळत कमी. तेव्हापासून नाव लिहायला बंदी. वाचणाऱ्याला लिहिणारा माहीत नाही, लिहिणाऱ्याला वाचणारा माहीत नाही.

पण शास्त्रज्ञ झाले तरी माणसंच. अर्ज हातात पडला की त्यांची जीभ वळवळते. "ही तर अमक्याची पद्धत." "हे तमक्या विद्यापीठातलं दिसतंय." म्हणून प्रत्येक मंडळाच्या खोलीत एक जादा खुर्ची ठेवतात. त्या खुर्चीवरच्या माणसाला मत नसतं. कुणी नावाचा अंदाज बांधायला लागलं की त्याला गप्प करायचं, एवढंच काम. 'लेव्हलर' म्हणतात त्याला, म्हणजे सगळ्यांना एका पातळीवर ठेवणारा. आमची ऑड्रा ती खुर्ची सांभाळायची.

"म्हणजे तुला लोकांवर संशय घ्यायचा पगार मिळतो!" मी म्हणाले होते.

"आयुष्यभर फुकट घेतला," ती म्हणाली. "आता म्हातारपणी कुणाला तरी त्याची किंमत कळली."

ती हसली की फक्त डावा गाल हलायचा. मला वाटतं, नोकरीतल्या इतक्या वर्षांपेक्षा त्या एका खुर्चीचा तिला जास्त अभिमान होता. खोलीत काय झालं ते मात्र ती कधीही सांगायची नाही. मीही विचारायची नाही.

माझा वाढदिवस एप्रिलमध्ये येतो. त्या वर्षी माझी जुनी विद्यार्थिनी डेनिशा कटलर भेटायला येणार होती. डेनिशा आमच्या शाळेतून थेट खगोलशास्त्रात गेलेली एकुलती एक मुलगी. इथल्याच विद्यापीठात तात्पुरत्या जागेवर संशोधन करत होती. मी अंगणात लांब टेबल मांडलं, त्यावर खाकी कागद पसरला, आणि मसाल्यात वाफवलेले खेकडे मधोमध ओतले. ऑड्राने कवच फोडायची लाकडी हातोडी उचलायच्या आधी एक खेकडा उलटा करून बघितला.

"हे आपल्या खाडीचे नाहीत."

"एप्रिलमध्ये आपल्या खाडीचे कुठून येणार? लुइझियानाचे आहेत. दुकानदारानेच सांगितलं."

"स्वतःहून सांगितलं?" ती म्हणाली. "मग तिथलेही नसतील."

डेनिशा खदखदून हसली. दोघींची ती पहिलीच भेट. ऑड्रा पूर्वी संस्थेत होती एवढंच मी डेनिशाला सांगितलं होतं.

"मिस ऑड्रा, तुम्ही अजून जाता का तिकडे?" डेनिशाने विचारलं.

"जाते कधीमधी. दिवे बंद केलेत का बघायला."

डेनिशाचा चेहरा उतरलेला होता. मी विचारलं तेव्हा तिने सांगितलं की अर्ज भरायची मुदत आठवड्यावर आली आहे. गेली तीन वर्षं नकार आला होता. दुर्बिणीचा वेळ मिळाला तर त्याच्याबरोबर संशोधनाचा निधी येतो, आणि मग विद्यापीठ तिची जागा पुढे चालू ठेवणार. नाही मिळाला तर सप्टेंबरात नोकरी संपली. "मग मावशीच्या विम्याच्या ऑफिसात बसायचं," ती म्हणाली. "मावशीने टेबल रिकामं करूनच ठेवलंय. तिचा माझ्यावर फार विश्वास."

"पण अर्जात लिहितेस तरी काय?" मी विचारलं.

"लिहिणं हीच तर शिक्षा आहे, मिस टॉलिव्हर. नाव नाही, गाव नाही. 'आम्ही मागे दाखवलं' असंही लिहायचं नाही. स्वतःचंच काम शेजाऱ्याचं असल्यासारखं सांगायचं." शाळेत असल्यासारखी ती मला अजून आडनावानेच हाक मारते. मग तिने समोरच्या कागदाकडे हात केला. खेकड्यांच्या फुटक्या कवचांचा, नांग्यांचा ढीग पडला होता. "हे बघा. आपण सगळे उठून गेलो आणि एखादा अनोळखी माणूस इथे आला, तर या कागदावरचा चुरा बघून तो सांगेल ना, इथे काय खाल्लं गेलं ते? मी तेच करते. म्हातारा झालेला तारा असतो, श्वेत बटू. त्याने आपल्या जवळचे ग्रह फोडून खाल्लेले असतात आणि त्यांचा चुरा त्याच्या अंगावर सांडलेला असतो. त्या चुऱ्याचा उजेड तपासला की कळतं, ग्रह दगडाचा होता, लोखंडाचा होता, की पाण्याचा."

"म्हणजे तू ताऱ्यांचं उष्टं बघतेस!"

"अगदी तेच. सरकारी खर्चाने."

निबंध तपासण्यात माझा जन्म गेला. चांगलं वाक्य ऐकलं की मला राहवत नाही. मी म्हणाले, "अगं, मग हेच लिही ना! जेवणानंतरच्या कागदाचं. हे अर्जात घाल, वाचणाऱ्याच्या डोक्यातून जाणार नाही."

ऑड्राने हातोडी खाली ठेवली. रुमालाने एकेक बोट पुसलं.

"मला निघायला हवं," ती म्हणाली.

"अगं, केक कापायचाय अजून."

"तुम्ही कापा."

मला वाटलं, मसाला पोटाला लागला असेल.

जूनमध्ये मंडळं बसली. ऑड्रा रोज सकाळी निळा कोट घालून जायची आणि संध्याकाळी परत यायची. पहिल्या दोन संध्याकाळी तिने नेहमीसारखा हात केला. तिसऱ्या दिवशी ती दुपारीच परत आली. मी कुंपणापाशी टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधत होते. तिने माझ्याकडे बघितलं, आणि आत जाऊन मागचा पडदा ओढून घेतला.

रविवारी ती कॉफीला आली नाही. सोमवारी माझं ब्रेडचं भांडं पायरीवर ठेवलेलं सापडलं. घंटी न वाजवता ठेवून गेली होती. मी तिच्या दारात गेले. दार साखळीएवढंच उघडलं.

"बरं नाहीये का तुला?"

"मी ठीक आहे, मिस बर्निस. तुम्ही कशा आहात?"

'तुम्ही' ऐकून मी पायरीवरच थबकले. इतक्या वर्षांनी पुन्हा तुम्ही.

"ऑड्रा, काय झालंय?"

"एक विचारते," ती म्हणाली. "तुमच्या त्या डेनिशाला मी तिथे काय काम करते हे कोणी सांगितलं?"

"मी नाही सांगितलं."

"तुमच्याशिवाय ते या गल्लीत कुणाला माहीत आहे?"

"कुणाला नाही. पण मी नाही सांगितलं. आणि तिला माहीत आहे असं तुला कशावरून वाटतं?"

"ते मला सांगता येत नाही." तिने माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. मासळीवाल्याच्या तराजूकडे बघायची तसं. "वाढदिवस एप्रिलमध्येच असतो ना तुमचा? दर वर्षी?"

"ऑड्रा! मी माझा वाढदिवस खोटा सांगेन?"

"मी फक्त विचारलं," म्हणून तिने दार लावलं.

घरी येऊन मी टेबलाशी बसले, तेव्हा कुठे मला उलगडा झाला. खेकड्यांच्या टेबलावर मी मोठ्या तोंडाने म्हणाले होते, हे अर्जात घाल. पोरीने ते घातलं असणार. आणि तो अर्ज नेमका ऑड्राच्या खोलीत निघाला असणार. तिने ते वाक्य ओळखलं. आणि तिला वाटतंय की आम्ही दोघींनी ठरवून तिला जेवायला बोलावलं आणि अर्जात तिच्यासाठी खूण ठेवली. नियम मला एवढा माहीत होता की अर्जातून मुद्दाम ओळख दिली तर अर्ज बाद होतो. ऑड्राने नुसतं तोंड उघडलं की डेनिशाची विम्याच्या ऑफिसात रवानगी.

आणि खरं सांगायचं तर मलाही शंका यायला लागली. संशय सर्दीसारखा असतो, शेजारून येतो. पोरीने खरंच मुद्दाम केलं असेल का? 'अजून जाता का तिकडे' हे तिने सहज विचारलं, की? तीन वेळा नकार आलेला. सप्टेंबर तोंडावर. मी तिला फोन केला.

"डेनिशा, तुझ्या अर्जात..."

"मिस टॉलिव्हर, अर्जाबद्दल काही विचारू नका," ती घाईने म्हणाली. "निकाल लागेपर्यंत मी कोणाशीच बोलत नाही. प्लीज. तुमच्याशी तर नाहीच."

तुमच्याशी तर नाहीच! हे काय बोलणं झालं? वर्गात कॉपी करणारी मुलं अशीच घाईने पाणी प्यायला जातात. मी फोन ठेवला आणि स्वतःचीच लाज वाटली. तरी शंका गेली नाही. त्या दिवसांत मी खिडकीतून ऑड्राचं दार बघायचे, आणि तिच्या पडद्याची कड हलली की कळायचं, ती माझं दार बघते आहे. ते मांजर तेवढं दोघींच्या पायऱ्यांवर बिनदिक्कत बसत होतं.

जुलैच्या सुरुवातीला निकाल लागला. ज्यांना वेळ मिळाला त्यांची नावं तेव्हा उघड करतात, कुणीही बघू शकतं. मी बघायच्या आतच मागच्या कुंपणाचं फाटक वाजलं. ऑड्रा आत आली, न विचारता तिच्या नेहमीच्या खुर्चीत बसली. चेहरा पांढराफटक.

"कॉफी आहे का?"

"करते. आता 'तुम्ही' म्हणायचंय की 'तू'?"

"आधी ऐक," ती म्हणाली. "आता नावं जाहीर झालीत, म्हणून एवढंच सांगते. एक अर्ज निघाला. त्यात ते तुझं वाक्य होतं. जेवण झाल्यावरच्या कागदाचं, कवचांचं."

"डेनिशाचं वाक्य."

"ऐक तर. माझ्यापुढे दोन रस्ते होते. एक, 'मला लिहिणारा ओळखू आला' एवढंच सांगून खोलीबाहेर जायचं आणि त्या अर्जापुरती खुर्ची दुसऱ्याला द्यायची. दुसरा, 'लिहिणाऱ्याने मुद्दाम खूण ठेवली आहे' अशी तक्रार करायची. मग अर्ज बाद."

मी कॉफी शेगडीवर ठेवून तिच्याकडे वळले. "कुठला धरलास?"

"तक्रार करायला मी खाली कोलच्या खोलीपर्यंत गेले. कोल म्हणजे ज्याला नावं माहीत असतात तो. दारात उभी राहिले, आणि वाटलं, माझ्याकडे पुरावा काय? शिवाय..." ती जरा अडखळली. "शिवाय तुझ्या टेबलावर बसून खाल्लं होतं. म्हणून म्हटलं, मला लिहिणारा ओळखू आला, मी घरी जाते. कोलने नाव विचारलंसुद्धा नाही. 'बरं, जा' म्हणाला. एवढं सहज? मला त्याचाही संशय आला. म्हटलं, हाही सामील."

"अगं बाई!"

"आज नावं बघितली. तो अर्ज मंजूर झालाय. डेनिशाचा नाही तो. चिलीमधल्या सांतियागोचा कुणी माणूस आहे, इग्नासिओ काहीतरी."

मी खुर्चीत बसले. "मग डेनिशाचं काय झालं?"

"तेच तर कळत नाही. तिचंही नाव आहे त्यात. मंजूर. आणि यादीत मंडळ लिहिलंय, माझ्याच खोलीतला अर्ज आहे तो."

मागे शेगडीवर कॉफी उतू गेली.

डेनिशा त्याच संध्याकाळी पीचचा केक घेऊन आली. रडून डोळे सुजलेले, आणि तोंडभर हसू. ऑड्राला तिथे बघून ती जरा बिचकली. ऑड्राने प्रस्तावना केली नाही.

"जेवणानंतरच्या कागदाचं वाक्य. तू अर्जात घातलंस की नाही?"

"खेकड्यांचं? मिस टॉलिव्हरनी सांगितलं म्हणून घातलं होतं," डेनिशा म्हणाली. "मग काढून टाकलं. माझं नाहीच ते. इग्नासिओ इथे तीन वर्षं होता, प्रत्येक भाषणात तो हेच सांगायचा. पहिल्यांदा खेकडे खाल्ले तेव्हा सुचलं म्हणे. आमच्या विषयातल्या सगळ्यांना पाठ आहे. मी लिहिलं असतं तर लोकांना वाटलं असतं, अर्ज त्याचाच आहे."

"सगळ्यांना पाठ आहे," ऑड्रा हळूच म्हणाली.

"तुम्हाला कसं माहीत असणार? तुम्ही वेळापत्रकातल्या." डेनिशाने माझ्याकडे बघितलं. "आणि तुम्ही त्या दिवशी फोनवर विचारायला लागलात, तेव्हा माझी पाचावर धारण बसली. म्हटलं, वाक्य काढलं म्हणून बाई रागावणार."

मला इतकं हसू आलं की डोळे पुसावे लागले. ऑड्रा हसली नाही.

"तुझा अर्ज कसा होता?" तिने विचारलं.

"कोरडा. नुसत्या आकड्यांचा. वाळलेल्या पावासारखा."

ऑड्राने मान खाली घातली. तिला तो आठवला होता, हे मला दिसलं. खोलीत त्या अर्जावर कुणीतरी काहीतरी म्हटलं असणार, आणि तिने पेराने टेबलावर टक् केलं असणार, केकच्या वेळी केलं तसं, लिहिणारी कोण याची गंधवार्ता नसताना. पण ती त्याबद्दल अक्षर बोलली नाही. डेनिशाला तर नाहीच, मलाही आजतागायत नाही. तिने केकचा तुकडा घेतला, आधी हुंगला, मग खाल्ला.

डेनिशा गेल्यावर ती माझ्याबरोबर भांडी पुसायला उभी राहिली.

"माफी मागायची असेल तर मी ऐकते आहे," मी म्हणाले.

"माझं चुकलं असं मी म्हणणार नाही. तुझ्यावर संशय घ्यायला कारण होतं. तू सगळ्यांसमोर म्हणालीस, हे अर्जात घाल."

"म्हणाले."

"एप्रिलमध्ये खेकडे म्हणजेही संशयाचीच गोष्ट." तिने कप पुसून कपाटात ठेवला, पुन्हा काढला, पुन्हा पुसला. "तुझ्यावरून नाही माझी झोप उडाली, बर्निस. त्या सांतियागोच्या माणसाला मी कधी बघितलेलं नाही. त्याचं वाक्य, त्याचं काम. मी कोलच्या दारात आणखी थोडी उभी राहिले असते, तर तुझ्या माझ्या भांडणात त्याचं वर्ष गेलं असतं. आणि त्याला कधी कळलंही नसतं का गेलं ते. इतकी वर्षं मी खोलीतल्या लोकांना सांगते, अंदाज करू नका, तुमचे अंदाज चुकतात. आणि मी काय केलं? खात्रीने अंदाज केला."

"पण तक्रार नाही ना केलीस."

"या वेळी नाही केली."

मी तिला समजावायचा प्रयत्न केला. एक चूक, तीही न झालेली, आणि त्यासाठी एवढं? तिने ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी निळा कोट घालून ती संस्थेत गेली आणि खुर्ची सोडून आली. कोलने खूप सांगितलं म्हणे. तुमच्याइतकं कडक कुणी नाही, म्हणाला. "त्याला माझी एवढी गरज का वाटते कोण जाणे," ती घरी येऊन म्हणाली, आणि तिचा डावा गाल जरासा हलला.

पुढच्या वर्षी जून आला तेव्हा मला तिची काळजी वाटत होती. सकाळी ती मागच्या पायरीवर बसलेली असायची, आणि संस्थेकडे जाणारी बस कोपऱ्यावरून वळली की घड्याळ बघायची. एकदा म्हणाली, "आता खोलीत बसले असतील." एवढंच. मग उठून घेवड्याच्या शेंगा तोडायला लागली. रविवारची कॉफी चालूच होती. तिला आता माझ्या साखरेच्या डब्याबद्दल शंका होती, कारण तो नेहमी अर्धाच भरलेला असायचा.

डेनिशाची जागा चालू राहिली. तिच्या मावशीने ते रिकामं टेबल पुतण्याला दिलं. इग्नासिओ एका परिषदेसाठी इथे आला होता तेव्हा डेनिशा त्याला माझ्याकडे घेऊन आली. चांगला जाडजूड, हसरा माणूस, मिशीला मसाला लावून घेणारा. ऑड्राला बोलावलं होतं. ती आली, त्याच्या समोर बसली, त्याला दोन वेळा वाढलं, आणि त्याच्याशी हवामानापलीकडे काही बोलली नाही. तो गेल्यावर मी म्हणाले, "सांगून टाकायचं होतंस."

"कशाला? त्याला उगाच माझ्याबद्दल संशय येईल."

ऑड्रा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. दर बुधवारी ती गावातल्या लिथुआनियन हॉलच्या स्वयंपाकघरात कुगेलिससाठी, म्हणजे त्यांच्याकडच्या भाजलेल्या बटाट्याच्या केकसाठी, बटाटे किसायला जाते, आणि किसणी घरून स्वतःची नेते.